एका आकड्याची गोष्ट : २,१४,७४,८३,६४७

आज आम्ही तुम्हाला एका आकड्याची गोष्ट सांगणार आहोत. गणिताचं नाव काढलं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्यातल्याही बहुतेक जणींनी दहावीनंतर गणिताला लांबूनच नमस्कार केलेला आहे. पण हा आकडा आपणहून आमच्या दारात आला, आणि येताना आमच्यावर आळ घेऊन आला. म्हणून त्याचा माग काढावा लागला.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आमच्या गटांची सगळी माहिती वहीतून संगणकात चढवली गेली. सभासदाचं नाव, गाव, घेतलेलं कर्ज, मोबाइल नंबर. आता हप्त्याची तारीख, बैठकीचा निरोप, सगळं मोबाइलवर येणार म्हणून आम्ही खूश होतो. महिना गेला, संदेश काही येईनात. बैठकीची तारीख बदलली होती, ती दोन गटांना कळलीच नाही. हप्ता चुकला, दंड बसला. दंडाची रक्कम लहान होती, पण सहा वर्षांत एकदाही हप्ता न चुकलेल्या बायका होत्या त्या. त्यांच्या वहीवर पहिल्यांदा लाल शाईची रेघ आली.

विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, "तुमच्या बायकांनीच नंबर चुकीचे दिले असतील. त्यांना स्वतःचा नंबर तरी पाठ असतो का?" आमच्या एक मावशी तिथेच म्हणाल्या, "अहो, माझा नंबर माझ्या नातवाला पाठ आहे, मला पाठ आहे, आणि घराच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे. तिघं कसे चुकू?" मग आम्ही यादी छापून मागितली. यादी हातात आली आणि आम्ही बघतच राहिलो. नावं वेगळी, गावं वेगळी, पण मोबाइल नंबर सगळ्या जणींचा एकच. २१४७४८३६४७. त्रेचाळीस बायका, एक नंबर.

आता एक बाई चुकेल, दोन चुकतील. त्रेचाळीस जणी ठरवून एकच चूक कशी करतील? आणि आपल्याकडे मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनं सुरू होतो. हा तर दोननं सुरू होत होता. आमच्या एका सभासदाची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात संगणक शिकते. तिनं यादी बघितली आणि हसली. म्हणाली, "ताई, हा कुणाचाच नंबर नाही. ही संगणकाची हद्द आहे. याच्या पुढचा आकडा त्या रकान्यात मावत नाही." मावशींनी विचारलं, "मग हद्द नेमकी इथेच का आखली?" त्या प्रश्नापासून आमचा शोध सुरू झाला, आणि तो आम्हाला घेऊन गेला थेट लीलावतीपर्यंत.

लीलावती हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला. त्याचा अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'. आपण सह्याद्रीच्या परिसरातले, असं भास्कराचार्य स्वतः सांगतात. त्यांचं गाव नेमकं कोणतं यावर जाणकारांत वाद आहे. पण आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणे इथे एक शिलालेख सापडला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तिथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. तो लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. म्हणजे ज्या ग्रंथाविषयी आम्ही बोलतो आहोत, तो खानदेशात आठशे वर्षांपूर्वी शिकवला जात होता.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त पाण्याच्या घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे टळला, आणि तिचं मन रमावं म्हणून वडिलांनी तिला गणित शिकवलं, ही कथा आपण शाळेत ऐकली. ती कथा फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. पण एक गोष्ट ग्रंथात नक्की आहे. त्यातली कित्येक उदाहरणं एका मुलीला उद्देशून आहेत. 'बाले' अशी हाक मारून हिशेब विचारलेला आहे. बाईला हिशेब विचारावा आणि तिनं तो सांगावा, यात त्या पुस्तकाला काही नवल वाटत नाही.

त्यातलंच एक उदाहरण आमच्या कामाचं निघालं. एका दात्यानं याचकांना पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचा शब्द दिला. तर एका महिन्यात त्यानं किती निष्क दिले? निष्क म्हणजे त्या काळचं मोठं नाणं. भास्कराचार्यांनी कोष्टकही दिलेलं आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काच्या २०,४८० कवड्या.

आम्ही हे गणित बैठकीत घेतलं. आधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा ठरलं. कुणी म्हणालं दहा निष्क, कुणी पन्नास. एकीनं जरा धाडस करून पाचशे सांगितले. मग फळ्यावर मांडायला लागलो. पहिला दिवस २, दुसरा ४, तिसरा ८. दहाव्या दिवशी त्यानं १,०२४ कवड्या दिल्या. दहा दिवसांची बेरीज २,०४६. अजून दोन द्रम्मसुद्धा झाले नाहीत. विसाव्या दिवशी १०,४८,५७६ कवड्या, आणि वीस दिवसांची बेरीज २०,९७,१५०. म्हणजे १०२ निष्कांहून थोडं जास्त. पन्नास म्हणणारी हरली, पाचशेवाली अजून खेळात होती. आणि तिसाव्या दिवशी? त्या एका दिवशी १,०७,३७,४१,८२४ कवड्या. महिन्याची एकूण बेरीज २,१४,७४,८३,६४६. निष्कांत सांगायचं तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या. लीलावतीत हेच उत्तर आहे.

बैठकीत काही वेळ कुणी बोललंच नाही. मग एक जण हळूच म्हणाली, "सावकाराचं असंच झालं होतं आमचं." तिच्या सासऱ्यांनी घेतलेलं कर्ज तिचा नवरा फेडत होता. सुरुवातीला वाढ दिसतच नाही, दहा दिवसांत दोन द्रम्मसुद्धा होत नाहीत, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. हे आपल्या पूर्वजांनाही माहीत होतं. जुन्या हिंदू कायद्यात 'दामदुपट' नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमलातही हा नियम मानला. आज 'दामदुप्पट' म्हटलं की आपल्याला पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या जाहिराती आठवतात. मुळात तो शब्द कर्जदाराच्या रक्षणाचा होता.

आता भास्कराचार्यांची युक्ती ऐका. तीस वेळा दुप्पट करत बसलो तर चूक होणारच. आमची एकोणिसाव्या दिवशी झाली. ते सांगतात, दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. तीस सम, निम्मे पंधरा, वर्ग. पंधरा विषम, चौदा, गुण. चौदाचे सात, वर्ग. सातचे सहा, गुण. सहाचे तीन, वर्ग. तीनचे दोन, गुण. दोनचा एक, वर्ग. एकाचं शून्य, गुण. आता खालून वर या. 'गुण' असेल तिथे दोननं गुणा, 'वर्ग' असेल तिथे त्या संख्येला तिनंच गुणा. २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम झालं. यातून एक वजा करायचा आणि पहिल्या दिवशीच्या दोन कवड्यांनी गुणायचं, की महिन्याची बेरीज आली. या युक्तीचं मूळ त्याहूनही जुनं आहे, पिंगलाच्या छंदशास्त्रात. आणि आजचे संगणकही मोठे घात काढताना याच वाटेनं जातात.

चाणाक्ष मैत्रिणींच्या लक्षात आलं असेल. कवड्यांची बेरीज ६४६ वर संपते, आणि आमच्या यादीतला नंबर ६४७ वर. फक्त एका कवडीचा फरक. दात्यानं महिना सुरू होण्याच्या आदल्या दिवशी एक कवडी दिली असती, तर बेरीज बरोबर आमच्या यादीतला नंबर झाली असती. एक, दोन, चार, आठ असं दुप्पट करत एकतीस वेळा मांडा आणि बेरीज करा, तोच आकडा येतो.

पण त्या एका कवडीनं आकड्याचा स्वभाव पार बदलतो. २,१४,७४,८३,६४६ कवड्या सात जणींत सारख्या वाटता येतात, नऊ जणींत येतात, अकरा जणींतही येतात. अकरांच्या गटात प्रत्येकीला १९,५२,२५,७८६ कवड्या, बाकी शून्य. चौदांच्या गटाला जमतं, अठरांच्या गटाला जमतं. नेमक्या दहांच्या गटात मात्र सहा उरतात. आता त्यात एक कवडी टाका. २,१४,७४,८३,६४७. ही संख्या कुणालाच सारखी वाटता येत नाही. सगळ्या कवड्या एकीलाच द्या, नाहीतर २१४ कोटींहून जास्त बायका जमवून प्रत्येकीला एकेक द्या. मधला कुठलाच मार्ग नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. दोन, तीन, पाच, सात, अकरा या आपल्या ओळखीच्या. ही त्यांचीच एक फार मोठी बहीण.

आता हे कुणी आणि कसं सिद्ध केलं? ग्रीक गणिती युक्लिड यानं बावीसशे-तेवीसशे वर्षांपूर्वी या दुपटीच्या बेरजांमध्ये एक गंमत पाहिली होती. एक अधिक दोन, तीन. तीन मूळ संख्या आहे. तिला शेवटच्या दोननं गुणा, सहा आले. सहाला पूर्ण भागणाऱ्या लहान संख्या एक, दोन आणि तीन. त्यांची बेरीज पुन्हा सहा. एक, दोन, चार यांची बेरीज सात. सातला चारनं गुणा, अठ्ठावीस. अठ्ठावीसचे भाजक एक, दोन, चार, सात, चौदा. बेरीज पुन्हा अठ्ठावीस. घेतलं तेवढंच परत, ना कमी ना जास्त. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. दुपटीची बेरीज मूळ संख्या आली, की तिच्यातून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडनं सिद्ध केलं. म्हणून लोक अशा बेरजा शोधू लागले.

फ्रान्समधले मेर्सेन नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी १६४४ मध्ये यादी दिली, की इतक्या इतक्या पायऱ्यांची दुपटीची बेरीज मूळ संख्या येते. त्या यादीत एकतीस होता, पण सिद्धता नव्हती. आणि त्या यादीतल्या सदुसष्ट आणि दोनशे सत्तावन्न या नोंदी पुढे चूक निघाल्या. म्हणजे छापील यादी चुकू शकते, मैत्रिणींनो. मोठ्या माणसाची यादीसुद्धा.

एकतिसाची खात्री केली लिओनार्ड ऑयलर यांनी. ते मूळचे स्वित्झर्लंडचे, राहायचे रशियात, पीटर्सबर्गला. १७७२ मध्ये त्यांनी हा निकाल कळवला तेव्हा त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. एक डोळा तरुणपणीच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू होऊन तोही गेला. ते तोंडी सांगत आणि मुलं, मदतनीस लिहून घेत. आता ही संख्या मूळ आहे का हे साध्या पद्धतीनं बघायचं, तर ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं तिला भागून बघावं लागतं. त्या चार हजारांहून जास्त आहेत. ऑयलर यांनी आधी विचार केला आणि भागाकार नंतर. हिला भागणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च राहिली पाहिजे, हे त्यांनी दाखवलं. चार हजारांच्या ढिगातून शंभरहून कमी संख्या उरल्या. पहिली ३११. आम्ही तो भागाकार फळ्यावर करून बघितला. ३५ उरले. बाकीच्या संख्यांनीही तसंच काही ना काही उरतं, हे ऑयलर यांनी तपासलं. पुढे पुष्कळ वर्षं माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या हीच होती.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं लिहिलं, की हिच्यातून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा मोठी कुणी कधी शोधणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोग काहीच नाही. त्याची दोन्ही मतं खोटी ठरली. पुढची संख्या रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या एका खेड्यातल्या धर्मगुरूनं १८८३ मध्ये दाखवून दिली. आणि उपयोगाचं म्हणाल, तर आज आपल्या खिशातल्या यंत्रांत हा आकडा बसलेला आहे.

तो तिथे कसा आला? आपण वहीत दोनच चौकोन आखले, तर त्यात मोठ्यात मोठा आकडा ९९ मावतो. शंभर लिहायला तिसरा चौकोन लागतो. संगणकाच्या एका प्रकारच्या रकान्यात बत्तीस चौकोन असतात, आणि प्रत्येकात फक्त शून्य किंवा एक लिहिता येतो. पहिला चौकोन जमा की वजा हे सांगतो. उरले एकतीस. पहिल्याची किंमत एक, मग दोन, चार, आठ, सोळा, अशी दुप्पट होत जाते. एकतीसही चौकोनांत एक भरला, की बेरीज होते २,१४,७४,८३,६४७. कवड्यांचाच हिशेब. त्याच्या पुढे जागाच नाही.

ही हद्द जगात अनेकांना भेटली आहे. २०१४ मध्ये कोरियाच्या एका गायकाचं 'गंगनम स्टाइल' हे गाणं यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिलं गेलं, की मोजणी या आकड्याच्या पलीकडे गेली. यूट्यूबला चौसष्ट चौकोनांचा रकाना करावा लागला. दुसरी गोष्ट अजून व्हायची आहे. पुष्कळ संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, ते सेकंद २,१४,७४,८३,६४७ होतील. पुढच्या सेकंदाला जुन्या पद्धतीचं यंत्र उलटं फिरेल आणि त्याला वाटेल आपण १९०१ सालच्या डिसेंबरात आहोत. नव्या यंत्रांत चौसष्ट चौकोनांची सोय झाली आहे, पण जुनी यंत्रं अजून चालू आहेत. २०३८ काही फार लांब नाही. आज जन्मलेल्या मुलीच्या नावानं एकवीस वर्षांचं खातं उघडलं, तर ते त्याच्या पुढेच पुरं होणार आहे. म्हणून पासबुक छापून घ्या आणि कागद जपून ठेवा.

आता आमच्या यादीकडे परत येतो. कुणीतरी मोबाइल नंबरासाठी बत्तीस चौकोनांचा रकाना ठेवला होता. आपला कुठलाही मोबाइल नंबर हा आकडा म्हणून सहाशे कोटींच्या वरचाच. तो त्यात मावत नाही. मग त्या यंत्रानं काय केलं, जो मोठ्यात मोठा आकडा मावतो तो लिहून टाकला आणि पुढचं नाव घेतलं. अशा प्रत्येक नावापुढे तेच. बायकांनी नंबर बरोबर दिले होते, टंकणाऱ्या मुलानंही बरोबर टंकले होते. रकाना लहान होता.

आम्ही हे सगळं एका कागदावर लिहिलं. फळ्यावरचं कवड्यांचं गणित खाली जोडलं, त्रेचाळीस जणींचे खरे नंबर सोबत दिले, प्रत्येकीची सही घेतली आणि कागद नेऊन दिला. रकाना बदलायला आठ दिवस लागले. दंड माघारी आला. लाल रेघेशेजारी 'सभासदाची चूक नाही' अशी नोंद आम्ही मागून घेतली, तारखेसह. मावशींना पहिला संदेश आला तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. पुढच्या हप्त्याची आठवणच होती, पण गोड लागली.

तुमच्या गटाच्या याद्याही एकदा छापून मागा, मैत्रिणींनो. दोन-तीन नावांपुढे एकच नंबर दिसला, किंवा २१४७४८३६४७ हा आकडा दिसला, तर ऐकून घेऊ नका की बायका चुकल्या. रकाना तपासायला सांगा. आणि कुणी विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं, तर सांगा, लीलावतीत आहे.

पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.